निम्म्या अंतरावरचा चंद्र

होळीच्या आधीच्या पंधरवड्यात, नववीत असताना, मी पृथ्वीपासून चंद्राचं अंतर मोजलं आणि ते एक लाख नव्वद हजार किलोमीटर आलं. पुस्तकात तीन लाख चौऱ्याऐंशी हजार होतं. चूक फोटोत नव्हती आणि गुणाकारातही नव्हती. ती कुठे होती हे कळायला आणखी काही दिवस लागले. त्याच दिवसांत आमचं घर सुरतेत एकत्र राहणार, की माय मला घेऊन शिरपूरला मामाकडे निघून जाणार, हे ठरायचं होतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तेव्हा घरातल्या कोणालाही वाटलं नव्हतं.

आम्ही सुरतेच्या नवागाम वस्तीत राहायचो. खोली एकच, पत्र्याची. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचं एक लहान खातं होतं. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. ते खातं चालू असलं की फळीवरची ताटं एकमेकांवर हलकी वाजत राहायची, म्हणून मायने ताटांच्या मध्ये साडीच्या चिंध्या घातल्या होत्या. घरात बोलायचं ते थोडं वरच्या आवाजात. पाहुणे आले की त्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. लाइट गेली की आवाज एकदम थांबायचा आणि दुपारी झोपलेली माणसं दचकून उठून बसायची. संध्याकाळी गल्लीत मिरचीच्या फोडणीचा ठसका उठायचा, कारण अर्धी गल्ली खानदेशची. एका घरात शेवभाजी झाली की वास चार घरांत जायचा आणि मग त्या चार घरांतही तीच मागितली जायची. माय सकाळी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा करून नानांचा डबा भरायची, आणि दिवसभर दाराशी बसून साड्यांना लेस लावायची. तिचे हात चालू असायचे आणि डोळे गल्लीच्या तोंडाकडे. कोण आलं, कोण गेलं, कोण कोणत्या बाजूने गेलं, हे तिला न विचारता माहीत असायचं.

नाना म्हणजे माझे वडील. ते या मागच्या खात्यात नव्हते. त्यांचं खातं पांडेसरा या गिरण्यांच्या भागाच्या कडेला होतं आणि ते सायकलवर जायचे. त्यांच्याबरोबरचे बहुतेक कारीगर ओडिशातल्या गंजामचे, खात्याच्या पलीकडच्याच गल्लीत मेस करून राहणारे. लांबून येणारे नाना जवळजवळ एकटेच. त्या महिन्यांत मालाला उठाव नव्हता, रात्रपाळी बंद होती, आणि दिवसपाळी सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटायची. सात म्हणजे खात्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे सात. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. ‘खात्याचा टाइम’ असाच शब्द होता. कारीगर सकाळी आत शिरताना मनगटी घड्याळ त्या टायमाला लावून घ्यायचे, मग काढून पिशवीत टाकायचे, कारण चालत्या यंत्रावर घड्याळ घालून कोणी काम करत नाही. मोबाइल दाराशी खोक्यात ठेवावे लागत. आमच्या घरातलं घड्याळ मात्र टीव्हीच्या बातम्यांवर लावलेलं होतं. नळाला पाणी ठरलेल्या वेळी यायचं आणि ठरलेल्या वेळी जायचं. मायने ते घड्याळ कोणाला हलवू दिलं नाही. नाना घरून निघताना मनातल्या मनात पाच मिनिटं मिळवायचे आणि निघायचे. आता हाताच्या फोनमधली वेळ आपोआप जुळते, त्यामुळे एकाच घरात दोन वेगवेगळ्या वेळा चालत असत हे ऑफिसातल्या तरुण मुलांना सांगितलं तर त्यांना ती गंमत वाटते.

खात्यात दाराजवळ एक पाटी होती. उशीर झाला की मास्टर, म्हणजे तिथला मुकादम, नावापुढे खडूने रेघ मारायचा. एका महिन्यात तीन रेघा झाल्या की यंत्रं दुसऱ्याला. मंदीत बाहेर बदली कारीगर उभेच असायचे. त्या महिन्यात नानांच्या नावापुढे दोन रेघा झाल्या होत्या.

मायचं म्हणणं असं की नाना वाटेत टपरीवर थांबतात. या म्हणण्याला आधार होता. आधी नाना तिथे मटक्याचा आकडा लावायचे. सकाळी जाताना लावायचा आणि संध्याकाळी येताना काय लागलं ते बघायचं. एक दिवाळी घरात काही आलं नाही, तेव्हा मायने गल्लीसमोर विषय काढला आणि नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्यानंतर त्यांनी आकडा लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पण पहिली रेघ लागली तशी माय दाराशी बसल्या बसल्या त्यांच्या सायकलच्या चाकांवरची माती बघायला लागली. दुसरी रेघ लागली त्या संध्याकाळी ती म्हणाली, “पोरीना डोकावर हात ठेयेल शे तुम्ही. माले फक्त इतलं सांगा, कोठे थांबतस?”

“कोठेच नही.”

“मग सायकल काय हवामा उडस का? त्याच येळेले निंघतस, त्याच रस्ताले जातस, मग उशीर कसा व्हस?”

“माले काय म्हाईत? मी आत पाय ठेवतो आणि मास्टर खडू घेऊन उभा.”

“तिसरी रेघ लागू द्या. वैशूले लिसन शिरपूरले जास मी. तुम्ही आन् तुम्हनी टपरी.”

नाना उठले, बाहेर गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा बसले. ते दिवस मला असेच आठवतात: नाना उठतायत आणि बसतायत. जेवताना अर्ध्यातून उठून सायकलच्या चेनला तेल घालतायत. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर निघाले आणि थोडक्यात वाचले. मायने त्याचाही हिशेब त्यांच्या विरुद्धच केला. लवकर निघूनही थोडक्यात, म्हणजे मधला वेळ कुठे गेला?

शाळेत वाघ सर विज्ञान शिकवायचे. मराठी माध्यमाची शाळा, पटसंख्या दर वर्षी कमी होत चाललेली, कारण मुलं गुजराती नाहीतर हिंदीत जायची. प्रदर्शनासाठी दर वर्षी ज्वालामुखी आणि पाणी शुद्धीकरण व्हायचं. सरांना त्याचा कंटाळा आला होता. त्यांनी एकदा वर्गात हात लांब करून अंगठा धरायला लावला, आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. अंगठा फळ्यावर डावीकडून उजवीकडे उडी मारतो. “दोन डोळ्यांतलं अंतर माहीत असेल आणि उडी केवढी ते मोजता आलं,” सर म्हणाले, “तर अंगठ्यापर्यंत पट्टी न लावता अंतर काढता येतं. चंद्रालाही हेच करता येतं. फक्त दोन डोळे फार लांब लांब पाहिजेत.”

मी विचारलं, किती लांब. सर म्हणाले, हजार किलोमीटर तरी.

माझ्याकडे हजार किलोमीटर लांबचा डोळा होता. नानांच्या शेजारच्या यंत्रांवर बेहेराकाका काम करायचे. रविवारी कधीकधी आमच्याकडे जेवायला यायचे, मायचा ठेचा खाऊन रडायचे आणि पुन्हा मागायचे. धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते गंजामला निघाले होते. लग्न म्हटलं की फोटोवाला येणार आणि फोटोवाल्याकडे लांबचं ओढणारी लेन्स असणार. अमावस्येनंतर चार दिवसांनी संध्याकाळी चंद्राची कोर शुक्राच्या चांदणीच्या थोडी वर असणार होती. एकाच क्षणी एक फोटो सुरतेतून, एक गंजामहून. शुक्र इतका लांब की तो दोन्हीकडून जागचा हलत नाही. चंद्र जवळ, म्हणून तो हलतो. दोन फोटोंत कोर आणि चांदणी यांच्यातली फट वेगळी दिसेल. तो फरक म्हणजे अंगठ्याची उडी.

काका निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी आले. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.

“मतलब चाँद का फोटो खींचना है।”

“चाँद और ये तारा, दोनों एक ही फोटो में. बराबर सवा सात बजता.”

“पाँच-दस मिनट इधर-उधर हुआ तो?”

“तो सब खराब.”

“शादी हमारा बहन का है, और टाइम चाँद का देखना है,” ते नानांकडे बघून म्हणाले. “तुम्हारा लड़की तो मास्टर से भी कड़क है।”

नाना त्या दिवशी पहिल्यांदा हसले. माय हसली नाही. तिने काकांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली आणि विचारलं, खात्यातून निघताना नाना त्यांच्याबरोबर निघतात का. काका म्हणाले, निघतात. आणि सकाळी? सकाळी काका स्वतः आधी पोचलेले असतात, त्यांना कसं माहीत असणार. मायने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अर्धा दिवस खात्यात भरून स्टेशनावर गेले.

ठरलेल्या संध्याकाळी सरांनी शाळेच्या गच्चीवर कॅमेरा तिकाटण्यावर लावला. आकाश मळकट होतं, गिरण्यांच्या धुराचं असतं तसं, पण कोर स्वच्छ दिसत होती आणि खाली शुक्र. सरांचं घड्याळ रेल्वेच्या वेळेवर लावलेलं होतं. सव्वासातला त्यांनी बटण दाबलं. खाली रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, सुटलेली माणसं. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. त्या क्षणी तिकडे वरात निघाली असेल, काकांना कोणी नाचायला ओढलं असेल, फोटोवाला जेवायला बसला असेल, असं एकामागून एक डोक्यात येत होतं. सर म्हणाले, “कठड्याला धक्का मारू नकोस.” मी घरी आले तर नाना आलेले नव्हते आणि माय घड्याळाखाली उभी होती. ते आले, तेव्हा मायने त्यांचं ताट वाढलं आणि ती पुन्हा लेस लावायला बसली. त्यांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

काका परतले ते खाजा या तिकडच्या मिठाईचा डबा आणि मोठी प्रिंट घेऊन. फोटो सरांच्या फोटोपेक्षा चांगला होता. कोपऱ्यात मांडवाच्या झालरीचा एक तुकडा आला होता. दोन्ही प्रिंटांचा आकार वेगळा, म्हणून आम्ही फट चंद्राच्याच मापात मोजली. कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पूर्ण चंद्राची रुंदी. सुरतेच्या फोटोत फट साडेचार चंद्रांहून जरा जास्त, गंजामच्या फोटोत सव्वाचारला जरा कमी. फरक जवळजवळ दोन पंचमांश चंद्र, आणि आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. चंद्राच्या जागेवरून पाहिलं तर सुरत आणि गंजाम यांच्यातलं अंतर तिरकं, म्हणून कमी दिसतं. तो आकडा सरांनी काढून दिला. बाकीचा भागाकार मी केला. उत्तर एक लाख नव्वद हजार.

सरांनी तो भागाकार स्वतः केला. मग मला करायला लावला. मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, “फोटो सव्वासातचा नाहीये. तिकडे लग्नात कोण घड्याळ बघतंय? त्यांना जमलं तेव्हा त्यांनी काढला.”

चंद्र शुक्राला मागे टाकत पूर्वेकडे सरकत असतो. फोटो आधी काढला असेल तर फट कमी येणार, फट कमी आली की उडी मोठी वाटणार, उडी मोठी वाटली की चंद्र जवळ येणार. सर सांगत होते ते बरोबर होतं. पण काकांनी वेळ पाळली नाही हे मला पटत नव्हतं. मी घरी येऊन उलटं गणित मांडलं. पुस्तकातलं अंतर खरं धरायचं. मग उडी केवढी यायला हवी होती? चंद्राच्या पाचव्या हिश्शाएवढी. जास्तीची जी आली, ती चंद्राला सरकायला किती वेळ लागतो? सुमारे बारा मिनिटं. गंजामचा फोटो सात वाजून तीन मिनिटांच्या सुमाराला काढलेला होता.

रविवारी काका जेवायला आले तेव्हा मी विचारलं. ते घास हातात धरून थांबले.

“बेटी, हम घड़ी हाथ में पकड़ के खड़ा था। दूल्हा का मामा बुला रहा था, हम नहीं गया। फोटोवाला बोला, भाई, चाँद भाग नहीं जाएगा। हम बोला, भाग जाएगा। सवा सात, सुई पे सुई।”

“घड़ी कौन से टाइम की?”

“कौन से मतलब? निकलने के दिन सुबह लगाया था। खाते का टाइम।”

“पाच मिनिटं पुढे,” नाना म्हणाले.

“पाँच नहीं,” मी म्हणाले. “बारा.”

नानांनी पाणी प्यायला तांब्या उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाले की त्या खात्यात यंत्रावर, पाटीवर, बल्बवर, सगळीकडे रुई, म्हणजे धाग्यांची उडणारी धूळ, बसलेली असते, माणसाच्या भुवयांवर बसते, पण घड्याळाची काच कायम पुसलेली असते. मास्टर रोज स्टुलावर चढून ती पुसतो. काका म्हणाले, हो, दुपारी चहाच्या वेळी. म्हणजे सकाळी पुढे केलेले काटे तो दुपारी मागे घेत असणार, आणि संध्याकाळची सुटी उशिरा होत असणार. माय चुलीपाशी होती. तिची पाठ आमच्याकडे होती आणि ती भाकरी थापत राहिली.

सोमवारी मी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे चालणार नाही. पुस्तकातल्या अंतरावरून घड्याळाची चूक काढायची आणि त्याच चुकीने अंतर दुरुस्त करायचं, याला मोजणं म्हणत नाहीत. “घड्याळ चुकीचं आहे याचा वेगळा पुरावा आण. चंद्राशी संबंध नसलेला.” मी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सांगताना मला फक्त माझ्या प्रकल्पाची काळजी होती. मायने विचारलं, “येगळा पुरावा म्हणजे कसा?” मी म्हणाले, एक बरोबर घड्याळ घेऊन सकाळी तिथे जायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी बघायची.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. माय, नाना आणि बेहेराकाका यांनी मला वेगवेगळं सांगितलं. तिघांचं जिथे जुळतं तेवढंच इथे देते.

मंगळवारी पहाटे मायने टीव्ही लावला, बातम्या सुरू होताना भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, ते खिळ्यावरून काढलं आणि जुन्या साडीत गुंडाळलं. नाना नेहमीच्या वेळी निघाले तेव्हा ती सायकलच्या कॅरिअरवर बसली, घड्याळ मांडीवर. नाना म्हणाले, “लोकं काय म्हणतील?” ती म्हणाली, “लोकं मना संगे येतस का रेघ मोजाले? चाला.” वाटेत टपरी लागली. टपरीवाल्याने नानांना हाक मारली, बऱ्याच दिवसांनी दर्शन, म्हणाला. मायने ते ऐकलं. नाना थांबले नाहीत, आणि तिनेही थांबवलं नाही.

खात्याच्या दारात बाई येत नसे. यंत्रं अजून सुरू झाली नव्हती. मास्टर खडू घेऊन पाटीशी उभा होता. म्हणाला, “बेन, अहीं लेडीज अलाउड नथी.” मायने साडी सोडून घड्याळ बाहेर काढलं आणि छातीशी धरून उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्या घड्याळात सातला सात मिनिटं कमी होती. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. आत उभे असलेले कारीगर आधी हसले. मग काकांनी एक घड्याळ बघितलं, दुसरं बघितलं, आणि ओडियात काहीतरी बोलले. हसणं थांबलं.

“घर का घड़ी स्लो है, बेन,” मास्टर म्हणाला.

“स्लो असतं, तर माझ्या नळाचं पाणी रोज चुकलं असतं.”

“यहाँ पाँच मिनट आगे रहता है, सबको मालूम है।”

“हे अकरा आहेत.”

“आज ज़्यादा आगे चला गया होगा. मशीन है.”

“असू दे. अकरा तर अकरा,” माय म्हणाली. हे सगळं ती शुद्ध मराठीत म्हणाली, असं नाना सांगतात. ती रागावली की घरची बोली सोडायची. “सकाळी हाच टाइम, तर संध्याकाळी पण हाच टाइम ठेवा. मी सातला येते बघायला.”

मास्टरच्या हातात खडू होता. त्याने रेघ मारली नाही. नाना आत गेले आणि यंत्रं सुरू झाली.

संध्याकाळी ती मला बरोबर घेऊन गेली. इथून पुढचं मी पाहिलेलं आहे. आम्ही रिक्षाने गेलो, घड्याळ साडीत, आणि दारासमोरच्या डांबरावर उभ्या राहिलो. आतून आवाज येत होता तो पायाखालून वर चढत होता. मायला उभं राहवत नव्हतं. ती दाराशी जायची, आत डोकावायची, परत यायची, साडीची घडी उघडून काटे बघायची. म्हणाली, “दुपारले फिरवी टाकं व्हई त्यानी. मंग मी येडी ठरसू.” मी म्हणाले, फिरवलं असेल तरी सकाळची नोंद आपल्याकडे आहे. ती म्हणाली, “नोंद तुन्हा सरले दाखाड. तुन्हा बापले काय दाखाडू?” एवढ्या दिवसांत त्या विषयावर ती माझ्याशी प्रथमच बोलली. दिव्याच्या उजेडात हवेत रुई तरंगताना दिसत होती. खात्याच्या मालकाची, शेठची, गाडी नव्हती. समोरचा चहावाला आम्हाला दोनदा विचारून गेला की कोणी हवंय का.

नंतर कळलं ते असं. दुपारी चहाच्या वेळी मास्टर स्टूल घ्यायला गेला, तर स्टूल जागेवर नव्हतं. ते बेहेराकाकांच्या यंत्राशी होतं आणि काका त्यावर बसून डबा खात होते. मास्टरने मागितलं. काका म्हणाले, “कमर दुखता है।” थोड्या वेळाने मास्टर पुन्हा आला, तेव्हा त्यावर दुसरा कारीगर बसला होता. त्याचीही कंबर दुखत होती. संध्याकाळपर्यंत स्टूल रिकामं झालं नाही, आणि चालत्या यंत्रांवरून सगळे मधून मधून घड्याळाकडे बघत होते, हे मास्टर बघत होता. शेठला फोन लावायचा तर सगळ्यांच्या देखत मोबाइलच्या खोक्याशी जावं लागत होतं. तो गेला नाही.

आमच्या घड्याळात सात वाजायला अकरा मिनिटं होती तेव्हा आतलं एक यंत्र थांबलं. मग दुसरं. मग इतकी भराभर, की शेवटचं कोणतं थांबलं ते ओळखता आलं नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज ऐकू यायला लागला. कारीगर बाहेर आले, मनगटावर घड्याळं चढवत, आणि मायसमोरून जाताना काहींनी मान लववली. एकजण हिंदीत म्हणाला, “भाभी, कल भी आना.” नाना शेवटी आले. भुवयांवर रुई होती. माय घड्याळ साडीत गुंडाळत होती, ते त्यांनी तिच्या हातातून घेतलं, सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत घातलं आणि सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालायला लागले. वाटेत टपरी लागली तेव्हा माय म्हणाली, “पान खाशात का?” नाना नको म्हणाले. तिने स्वतःसाठी एक घेतलं.

प्रकल्पात मी दोन्ही आकडे लिहिले, चुकलेला आणि अकरा मिनिटांची दुरुस्ती केलेला. दुरुस्त केलेलं अंतर तीन लाख अठ्ठावन्न हजार किलोमीटर आलं. सरांनी खाली एक टीप लिहायला लावली: घड्याळाची तपासणी निरीक्षकाने घड्याळ लावलं त्या दिवसाची नाही, नंतरची आहे, त्या दिवशी ते तेवढंच पुढे होतं याला पुरावा नाही. पट्टीने मोजताना होणारी चूक वेगळी. निरीक्षकांच्या नावांत काकांचं नाव आलं. परीक्षक बाईंनी विचारलं की चुकलेला आकडा का ठेवला आहे. मी सांगितलं. बक्षीस पाणी शुद्धीकरणाला मिळालं.

बुधवारी सकाळी खात्यातल्या घड्याळात आणि आमच्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक होता. गुरुवारीही दोनच. नानांच्या आधीच्या दोन रेघा पुसायला मास्टरने नकार दिला आणि त्या महिनाअखेरपर्यंत पाटीवर राहिल्या. होळीला मामांचा फोन आला, त्यांनी विचारलं की शिरपूरला कधी येताय. मायने सांगितलं, वैशूची परीक्षा आहे. तिसरी रेघ लागली नाही.